गरज नसेल तेव्हा दिवा मालवावा

५ एप्रिल १९६१, रेवदंडा

लागला! आमच्या घरात विजेचा दिवा लागला! वायरमन रघूने बटण खाली केलं आणि शेजारची गोदूबाई किंचाळली — तिला वाटलं छप्पर पेटलं. पंचवीसचा बल्ब, पण भिंतीवरची काजळी, माझ्या लुगड्याचं ठिगळ, सगळं उघडं पडलं. लाजच वाटली मला.

बा मात्र दाराकडे तोंड करून उभा. "झ्याक हाय, झ्याक हाय," एवढंच म्हणाला. चाळीस वर्षं सुकाणू धरलेला तांडेल, पण गहिवरला असणार. आई असती तर तिनेच आधी बटण दाबलं असतं.

९ एप्रिल

वीज कचेरीने ग्राहकांसाठी छापील कागद वाटले. आमच्या आळीत सातवी पास बाई मी एकटीच, त्यामुळे ओट्यावर उभं राहून वाचायचं काम माझं. ओल्या हाताने बटण दाबू नये. उन्हाळ्यात दुपारी खिडक्या लावून घ्याव्यात. माठ वाऱ्याच्या तोंडी ठेवावा, पाणी गार राहते. खांबाच्या तारांवर कपडे वाळत घालू नयेत. आणि शेवटी — गरज नसेल तेव्हा दिवा मालवावा.

बाला हे शेवटचं फार आवडलं. रोज रात्री जेवण झालं की म्हणतो, "मालव गं तुळशे, कागदात लिवलंय."

११ एप्रिल

गोदूबाईने खांबाला ताण दिलेल्या तारेवर बोंबील वाळत घातले! जबड्यात जबडा अडकवून, वीस-पंचवीस जोड्या! रघू सायकल टाकून ओरडत आला. ती कमरेवर हात ठेवून उभी — "कपऱ्यांचं लिवलंय. बोंबलांचं कुठं लिवलंय, दाव मला!" रघूने खरंच कागद उलटून पाहिला. हसून हसून माझं पोट दुखलं.

१६ एप्रिल

संध्याकाळी दिवा लावते आणि गुपचूप वाळूत जाऊन लांबून आपलंच घर बघते. खिडकी पिवळी होते. समुद्राचा आवाज तोच, माडही तेच, पण घर कुणा दुसऱ्याचं वाटतं. त्यात राहणारी मुलगीही दुसरीच — शहाणी, पुष्कळ पुस्तकं वाचलेली. मग गोदूबाई हाक मारते, "काय गं, घर इकायचंय का तुला?" आणि मी पुन्हा तुळशी होते.

बा दिव्याखाली बसून जाळं शिवतो. मान वर करत नाही. बोटंच चालतात त्याची.

२३ एप्रिल

माठ फुटला. चूक माझी. कागदात लिहिलंय म्हणून कोपऱ्यातला माठ उचलून खिडकीसमोर ठेवला होता. बा आत आला तो सरळ त्याच्यावर. घरभर पाणी. "सांगितल्याबिगर वस्तू हलवतेस कशाला?" केवढ्याने ओरडला! आईच्या मागे माझ्यावर आवाज चढवला नव्हता त्याने कधी. मी रडले. मग माझ्या शेजारी येऊन बसला, डोक्यावरून हात फिरवत राहिला. नवीन माठ पुन्हा कोपऱ्यातच ठेवला आहे.

२ मे

चांगदेव आला होता. माझा चुलतभाऊ, बाच्याच होडीवर असतो. मला विहिरीपाशी गाठून म्हणाला, "खरं सांग तुळशे, काकाला दिसतंय का? परवा कोर्लईच्या खडकाला होडी घासली. भर सकाळी."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुला सुकाणू पाहिजे म्हणून हे सुचतंय! तो चिडला नाही. म्हणाला, "पावसाआधीची मोठी फेरी हाय, तीन दिसांची. सहा मानसं हाव आमी. तू घरात असतेस, तुला ठावं असंल. तू सांगशील ते आमी ऐकू."

मी एकवीरेची आण घेतली. बाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं, म्हटलं. सुकाणू काढून घेतलं तर तो जगेल कसा? किनाऱ्यावर बसून जाळी शिवत? चांगदेवने घागर उचलून दिली आणि गेला. फेरी एकोणीस तारखेला पहाटे. सुकाणूवर बा.

९ मे

स्वप्न पडलं. समुद्रातून विजेचे खांब निघालेत, रांगेने, पार आत. प्रत्येकावर एक दिवा. बा त्यांच्या मधून होडी नेतो आहे. मी हाका मारते, तो हसून हात हलवतो — पण माझ्याकडे नाही, भलतीकडेच.

१४ मे

नवा कागद. यात बोंबलांचं लिहिलंय! "तारांवर कपडे, मासळी अगर कोणतीही वस्तू." गोदूबाई दोन दिवस मिरवणार. शिवाय सूचना — गुरुवार १८ रोजी दुरुस्तीसाठी दुपारी चार ते रात्री नऊ वीज बंद. सगळ्या आळीला वाचून दाखवलं. बा किनाऱ्यावर होडीत होता.

१८ मे

चारला वीज गेली. मी उंबऱ्यावर बसून माडांमागे दिवस बुडताना बघत राहिले. कंदील लावायचं सुचलंच नाही. आत चुलीतल्या निखाऱ्यांखेरीज मिट्ट काळोख झाला. बा किनाऱ्यावरून आला, बल्बखाली नेहमीच्या जागी बसला, अंधारात चाचपडला नाही की काही नाही. मी पेज वाढली. तो जेवला, हात धुतले. मग वर मान करून हसला.

"मालव गं आता. फुकट जळतोय."

मी उठले. बटण दाबलं. टक्‌ वाजलं. म्हटलं, "मालवला, बा."

"हां," म्हणाला, आणि समाधानाने आडवा झाला.

ओट्यावर कंदील घेऊन हे लिहिते आहे. पहाटे होडी निघेल. त्याआधी चांगदेवकडे जाऊन आण मोडायची आहे.