उजव्या हाताचे नऊ चौकोन

१७ नोव्हेंबर १९८८
जावईबापू घनसावंगीहून दुपारच्या गाडीने आले. चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही. निघताना कापडी पिशवी भिंतीशी ठेवली. "लताचं लोकरीचं काम हाय मामी. आई म्हणली, तिच्या माहेरी देऊन ये. आता घरात जागा लागंल." का लागेल ते बोलले नाहीत. त्यांचं दुसरं लग्न ठरल्याचं आम्हाला आधीच कळलं आहे.
लताला जाऊन आठ महिने. कावीळ झाली, पंधरा दिवसांत आटोपलं. तिच्या साड्या तिकडेच, पेटी तिकडेच. लोकर तेवढी परत आली.
चिमीचं विचारलं. "बरी हाय." चार वर्षांच्या लेकीबद्दल एवढंच.
हे ओट्यावर बसून होते. आमच्या घरात कोणी बोलत नाही.

१८ नोव्हें.
पिशवी उघडली. चौकोन निघाले, अठ्ठेचाळीस. मधे फूल, भोवती फेर, शेवटचा फेर सगळ्यांचा मोतिया. जोडलेले नाहीत. प्रत्येकाला तिची दुहेरी गाठ आणि बोटभर दोरा लोंबता. किती वेळा सांगितलं होतं, दोरा तिथल्या तिथे ओवून टाकावा. "जोडताना एकदाच ओवते की आई."
सहा आडवे, आठ उभे. चिमीला पांघरूण होईल. तिच्यासाठीच करत होती. जोडून, किनार घालून संक्रांतीला चिमी आली की द्यायचं. दर संक्रांतीला लता तिला घेऊन यायची. आता कोण आणणार, पण तोवर तयार ठेवायचं.

२४ नोव्हें.
जोडून झालं. जुन्या जालन्यात तीन दुकानं फिरले. मोतिया मिळाला, पण तो हा मोतिया नाही. घरी आणून शेजारी ठेवला तर जुना पिवळट दिसतो.
पलीकडच्या गल्लीतल्या शमीमआपाला दाखवलं. ती क्रोशाच्या टोप्या विणून विकते. म्हणाली, "किनारकू दूसराच रंग लेव बाई. मिलाने गये तो फरक ज्यादा दिखता." बरोबर आहे. वांगी रंग आणला.

२ डिसेंबर
मुक्या खांबांचा, म्हणजे बुटक्या टाक्यांचा, एक फेर झाला. त्यावर शिंपले घालायचे, एका घरात पाच खांब. कोपऱ्यावर सात, नाहीतर कोपरा वर उचलतो.
कोपरे बरोबर आहेत, पण खालची बाजू बसत नाही. वरच्यापेक्षा चार बोटं आखूड भरते आणि किनार चुण्या घेते. दोनदा उसवली.
संध्याकाळी शमीमआपा आली. पांघरूण उलटंपालटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. "ये नीचे के तुम्हारी बेटी के हात के नै बाई. देखो, ये सब उलटे हात के. ये नौ सीदे हात के. दो औरतां बैठे थे क्या बुनने?"
लता डावरी होती.
ती नऊ वर्षांची असताना मी तिला क्रोशा शिकवला. शेजारी बसवलं की तिला जमेना. एक दिवस समोर येऊन बसली. "अशी समोर बसले की बराबर येतंय बघ." मी उजव्या हाताने, ती डाव्या हाताने, आरशात बघितल्यासारखं. तेवढं मी चालू दिलं. विणताना कोण बघतंय. जेवताना मात्र नाही.
तिच्या विणीत खांबांची डोकी माझ्या उलट बाजूला झुकतात. एकोणचाळीस चौकोन तसे. खालची ओळ पूर्ण आणि तिच्यावरचे तीन, हे नऊ माझ्यासारखे. घट्ट, वेडेवाकडे.

३ डिसें.
रात्रभर डोक्यात एकच, की तिच्या पांघरुणाला दुसऱ्या कुणाचा हात लागला. विहीणबाईंचा असेल. ते नऊ उसवून फेकायचं ठरवलं.
सकाळी उजेडात बघितलं. नऊच्या नऊ चौकोनांना तीच दुहेरी गाठ. तोच बोटभर दोरा.
तिनेच केलेत. उजव्या हाताने.

४ डिसें.
लग्नानंतर पहिल्याच महिन्यात वि.बाई माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, "पोरगी गुणाची हाय, पण डावरीच्या हातचा निवद आम्ही देवाला दावत न्हाई." मी हसले होते. हसण्यासारखं काय होतं?
गेल्या वर्षीच्या दिवाळीत आली तेव्हा उजव्या हाताने पुऱ्या तळत होती. झारा सारखा कढईवर आपटायचा. मी बघत उभी. म्हणाली, "आता सवय झाली आई." मी म्हणाले, "चांगलं झालं."
चांगलं झालं म्हणाले.

११ डिसें.
जावईबापूंचं लग्न राजूरला गणपतीच्या देवळात लागलं. साधंच केलं म्हणतात. पत्रिका आली होती, ह्यांच्या एकट्याच्या नावाने. हे गेले नाहीत. दिवसभर सायकल पुसत बसले.

२७ डिसें.
चिमी आली! नवी सून माहेरी गेली आहे, वि.बाई तापाने पडून. जावईबापू दोन दिवसांसाठी सोडून गेले. उंच झाली आहे. केस कुणी तरी फार आखूड कापलेत.
दुपारी ताट वाढलं. पोरीने आधी डावा हात मांडीखाली घातला, त्यावर नीट बसली, आणि मग उजव्या हाताने भाकरी मोडायला लागली. तुकडा तुटेना.
"हात का गं दाबला?"
"त्यो घाण हाय."
"कोण म्हणलं?"
"मोठी आज्जी." म्हणजे वि.बाई. मला ती जालन्याची आज्जी म्हणते.
मी भाकरी कुस्करून दिली. हात काढ म्हणाले नाही. का नाही म्हणाले ते…

२८ डिसें.
पांघरूण दाखवलं. किनार तीनच बाजूंना झाली आहे. चिमीने अंगाभोवती गुंडाळून घेतलं. "ह्याला बाजू कमी हाय आज्जी." आईने केलंय म्हटलं तर सगळी फुलं मोजत बसली. वीसपर्यंत येतं, मग पुन्हा एकपासून. मोजायला डाव्या हाताचं बोट. मोजताना बसायचं विसरली त्या हातावर.

२९ डिसें.
जावईबापू न्यायला आले. मी दारातच उभी राहिले. बत्तीस वर्षांच्या संसारात असं दारात कधी कुणाला अडवलं नव्हतं. म्हणाले, "बापू, माझ्या लेकीला डाव्या हातावरून तुमच्या घरी फार ऐकावं लागलं. आता ह्या पोरीचं तरी सोडा."
ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. खाली बघून म्हणाले, "मामी, आई बोलती, खोटं न्हाई. पण चिमीचा हात लतानंच बांधायला सुरू केल्ता. मी न्हाई म्हणलं तर म्हणायची, माझ्या आईनं बांधला म्हणून मी जेवायपुरती तरी सुधरले. आत्ताच बांधला तर हिला पुढं ऐकावं लागणार न्हाई."
आत हे उभे होते. त्यांनीही ऐकलं.
लता पाच वर्षांची होती. शाळेत घालायच्या आधी. जुन्या पातळाचा काठ फाडून घेतला होता, हिरवा, त्याने जेवताना तिचा डावा हात कमरेशी बांधायची. सहा महिने. रडायची नाही. ताटाकडे बघत बसायची.
चिमी गेली. पांघरूण इथेच.

३० डिसें.
हे म्हणाले, "तुला बोलायची काय गरज होती? आता पोरगी पाठवायचे न्हाईत."
"तुम्ही बोलला असता तर मला बोलावं लागलं नसतं."
"मी काय बोलायचं? काठ तू फाडला."
खरं आहे. पण बांधलेली पोर ह्यांच्याच पंगतीला बसायची.

१५ जानेवारी १९८९
काल संक्रांत झाली. कोणी आलं नाही. तिळगूळ केला होता, डब्यात आहे. शेवटची गाडी येऊन जाईपर्यंत हे स्टँडवर होते. मला सांगितलं, फिरायला गेलो होतो.

२२ जाने.
सगळी किनार उसवली. तिन्ही बाजू. शमीमआपाने विचारलं, "पागल हुए क्या बाई? अच्छी तो थी."
मी म्हणाले, माझ्या समोर बसा आणि विणा. सुई मी डाव्या हातात घेतली. ती उजव्या हाताने एक खांब घाली, मी बघून डाव्याने. तासाभरात दोन शिंपले. दोरा बोटावर राहत नाही, सुई घरात जात नाही. मनगट भरून आलं.
ती म्हणाली, "इस उमर में उलटे हात से? दुश्मनी है क्या किसीसे?"
मी सुई पुन्हा घरात घातली. जाताना म्हणाली, ते नऊ चौकोन काढून टाका, मी नवे करून देते, बाजू सरळ होईल. नको म्हटलं. ती बाजू आखूडच राहू दे.

२ फेब्रुवारी
वि.बाईंचं कार्ड आलं. अक्षर जावईबापूंचं. "चि. चिमीस जूनमध्ये शाळेत घालायचे आहे. सारखे येणे-जाणे केल्याने वळण बिघडते. तरी सध्या पाठविणे जमणार नाही."
वळण.
ह्यांनी वाचलं आणि कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "बघ," एवढंच.

९ फेब्रु.
ह्यांना न सांगता कार्ड लिहिलं. चार ओळींना तीन दिवस लागले. विहीणबाई, लताचा हात मी बांधला होता. त्यात माझी चूक झाली. तुमच्याकडे बोट दाखवत नाही. चिमीचा हात मोकळा ठेवा, एवढंच मागणं. पाठवायची नसली तर पाठवू नका.
शेवटची ओळ खोडावी म्हणून वाटेतून परत आणलं. खोडली नाही. स्टेशनरोडच्या पेटीत टाकलं, म्हणजे आपल्या गल्लीचा पोस्टमन वाचणार नाही.

१६ फेब्रु.
उत्तर नाही. तीन बाजू झाल्या, डाव्या हाताने. शिंपले सारखे नाहीत, एक मोठा, एक मिटलेला. खांबांची डोकी मात्र लताच्या खांबांसारखी झुकली आहेत. नीट बघितल्याशिवाय कळणार नाही.
सगळीकडचे लोंबते दोरे अजून ओवले नाहीत. नऊ चौकोनांचे तर नाहीच ओवणार.

२४ फेब्रु.
हे सकाळी राजूरला गणपतीला गेले. म्हणाले, तिकडे घनसावंगीचं कोणी भेटलं तर विचारतो. नको म्हटलं, तरी विचारतील.
किनार एक कोपरा सोडून झाली. सात खांब उरले. सुई बाजूला ठेवली.
पोस्टमन आला, पुढे गेला.
वरण-भात केला, एकटीपुरता. पुढचं दार लावून घेतलं. ताट घेऊन बसले, उजवा हात मांडीखाली घातला आणि डाव्या हाताने जेवले. निम्मं वरण पातळावर सांडलं. उठून पातळ बदललं, फरशी पुसली.