ओढ्याकाठच्या विहिरीची बाटली

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. तुमचं रागावणं मात्र डोळे उघडे असले तरी ऐकू येतं. मी प्रयोगशाळेत नवी होते. कुणीतरी भरून आणलेलं पाणी मी तपासायला घेतलं, तर तुम्ही ती बाटली माझ्या हातातून काढून सरळ मोरीत ओतलीत. "बाटली आपण स्वतः भरायची. दुसऱ्याच्या हातची घ्यायची नाही, सख्ख्या बापाच्या हातचीसुद्धा." वर्गात मी एकटीच मुलगी. सगळे हसले, आणि मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. भारी मानी होते मी तेव्हा.

स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. पिंपरीच्या माळावर कारखान्यांसाठी जमिनी मोजल्या जात होत्या. ओढ्याकाठी रंगाचा एक लहानसा कारखाना आधीच चालू होता आणि त्याचं सांडपाणी मागच्या खड्ड्यात मुरत होतं. त्याच्या शेजारीच एक मोठा कारखाना उभा राहणार होता. यंत्रं परदेशाची, जमीन आपली. त्या देशानं आपला तज्ज्ञ पाठवला, आपल्या सरकारनं समिती नेमली, आणि पाण्याबद्दल काय तो सल्ला तुम्ही द्यायचा असं ठरलं. नव्या कारखान्याचं पाणी तसंच खड्ड्यात सोडू द्यायचं, की आधी ते शुद्ध करायच्या टाक्या बांधायला लावायच्या? टाक्या म्हटल्या की उशीर, आणि सचिवालयाला तर घाई झालेली. ओढ्याकाठच्या विहिरीवर वीसेक घरं पाणी भरत. पाणी कडवट झालंय, डाळ शिजत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तुम्ही जीपमध्ये म्हणालात, "बायका डाळीबद्दल उगाच बोलत नाहीत. पाणी बिघडलेलं निघू दे, मग टाक्यांशिवाय सही करतो का बघ."

गावानं चावडीपुढे सतरंजी अंथरली होती. हार झाले, नारळ झाला, पितळी तांब्यातून गूळपाणी आलं. परदेशी पाहुणा घामाघूम होऊन हसतोय, तुम्ही त्याला इंग्रजीत समजावताय की आमच्याकडे आधी पाहुणचार आणि मग काम. तुम्हाला उठता येईना, म्हणून तुम्ही मला खूण केलीत की ओढ्याकाठची तू भरून आण. मी काचेच्या बुचाची बाटली घेऊन निघते. वस्तीपाशी माझ्या आईच्या वयाची एक बाई पुढे येते आणि माझ्या हातातून बाटली काढून घेते. "तुमी बसा ताई सावलीला. पायऱ्या शेवाळल्यात, पाय घसरंल. मी आनते की." मी बाभळींपलीकडच्या पायऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि बसले. बाईला यायला बराच वेळ लागला.

मी जीपमध्ये चढत असताना ती माझ्याजवळ आली आणि कौतुकानं म्हणाली, "वरल्या मळ्यातल्या हिरीचं हाय बरं का. फडक्यानं गाळून भरलंया."

"म्हणजे ओढ्याकाठचं नाही?"

"न्हाई वो! एवढ्या लांबनं पाव्हणा आलाय, त्याला आमचं कडू पानी पाजायचं व्हय?"

तिला वाटलं होतं, बाटली पाहुण्याच्या पिण्यासाठी आहे. इतकी लख्ख बाटली दुसऱ्या कशाला आणतील? तिचं काहीच चुकलं नव्हतं, सर. तिनं घरी आलेल्या माणसाला गावातलं सगळ्यात गोड पाणी दिलं होतं. इंजिन सुरू झालं होतं, सचिवालयातले साहेब घड्याळ बघत होते, आणि तुम्ही म्हणालात, "चल, बस लवकर." त्या सगळ्यांसमोर सांगायचं कसं, की मी बाटली दुसऱ्याच्या हाती दिली? पुण्याला पोचल्यावर सांगू, असं मी ठरवलं. पुण्याला पोचल्यावर मी बाटलीला चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, ओढ्याकाठची विहीर.

तुम्ही ते पाणी दोनदा तपासलंत. दोन्ही वेळा चांगलं निघालं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, "बाटली कुणी भरली?" मी म्हणाले, "मीच." तुम्ही चष्मा खाली घेतलात आणि निकाल वहीत उतरवलात. समितीच्या बैठकीत त्या पाहुण्यालाच शंका आली. लोक कडू म्हणतात आणि पाणी गोड कसं, पुन्हा एकदा नमुना घ्यायचा का, असं त्यानं अदबीनं विचारलं. तेव्हा तुमचा चेहरा ताठ झाला. बाहेरच्यानं आपल्या प्रयोगशाळेवर शंका घ्यावी, हे तुम्हाला लागलं. तुम्ही म्हणालात, "नमुना माझ्या विद्यार्थिनीनं स्वतः भरला आहे." पाहुण्यानं लगेच माफी मागितली. मी मागे बसून इतिवृत्त लिहीत होते. ते वाक्यही मीच लिहून घेतलं.

टाक्या झाल्या नाहीत. मोठा कारखाना सुरू झाल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीला तांबूस पाणी येऊ लागलं. वस्तीतली माणसं ते कळशीत भरून तुमच्या घरी आली, त्यांत ती बाईही होती. मी नेमकी तिथे होते. "सायेब, पानी चांगलं हाय म्हून तुमीच लिवलंत न्हवं?" तुम्ही उभे राहिलात, हात जोडलेत आणि म्हणालात, "हो, मीच लिहिलं." बाईनं माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि म्हणाली की आता वरल्या मळ्यातनं दोन खेपा कराव्या लागतात, कंबर धरते. गाळून दिलेल्या त्या बाटलीचा यात काही संबंध असेल, हे तिच्या मनातही नव्हतं. तुम्ही सरकारला कळवलंत, "तपासणी माझी चुकली." त्यानंतर तुम्हाला कुठल्याही समितीवर बोलावलं गेलं नाही.

मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला एक नवी बाटली दिलीत, काचेच्या बुचाची. "तू स्वतः भरतेस, म्हणून तुला देतोय." मला तिथेच रडू आलं आणि तुम्हाला वाटलं, आनंदानं.

पुढे मीही समित्यांवर बसले. नमुना कुणी भरला, हे मी प्रत्येक वेळी इतकं खोदून विचारायची की पोरं मला वैतागायची. ती बाटली अजून कपाटात आहे. मी तिच्यात कधी पाणी भरलं नाही. ओढ्याकाठी आता मोठी सोसायटी झाली आहे आणि तिथे टँकरनं पाणी येतं.

पत्र पाठवायला पत्ता नाही, ही सबब मला सोयीची आहे. पत्ता होता तेव्हा तो मला पाठ होता, सायकलवर दहा मिनिटं. तेव्हाही मी हे सांगायला आले नाही. तुम्ही रागावाल याची भीती नव्हती, सर. तुम्ही रागावला असता, मोरीत बाटली ओतली असतीत, आणि उद्या सकाळी पुन्हा पिंपरीला चला म्हणाला असता. एवढंच झालं असतं.

आणि पायऱ्या काही तितक्या शेवाळलेल्या नव्हत्या. परदेशी पाहुणा येणार म्हणून मी नवी साडी नेसून आले होते.