अळणी

१६ एप्रिल
ह्यात चूक काय, सांग की! ही वही जो कोण वाचतोयस, आधी कपाळावरच्या आठ्या काढ. सकाळी आण्णा गार चहाकडं बघून म्हणाले, "भट्टी विझली. तिला पांघरूण घाला." मी लिहून घेतलं. शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीवर आयुष्य घालवलेला बाप असं बोलतो नि मी लिहू नको? दोन वर्षं कथा पाडतोय, असं एक वाक्य जमलं नाही.

१७ एप्रिल
बीपी निघाल्यापासून आईनं आण्णांचं मीठ पूर्ण बंद केलंय. आमटी अळणी, भाजी अळणी. फौंड्रीत दुपारी सगळ्यांना मीठ घातलेलं लिंबूसरबत असतं, तेपण शपथ घालून सोडवलं. आता नुसतं पाणी, बाटल्यांवर बाटल्या. त्यांचे जोडीदार रफिकचाचा फोनवर: "सरबत बघून तोंड फिरवतोय तुझा बाप. बायकूला एवढं भ्यायचं आसतंय व्हय!"
हसलो.

१९ एप्रिल
आण्णांची पायरी चुकली. शर्टाची बटणं लागेनात. "बोटं दुसऱ्या पाळीला गेल्यात."
लिहिलं. आई म्हणाली, दमलेत. मी वही मिटली. बरे झाले नि वाक्यं थांबली तर... (घाण विचार. खोडत नाही.)

२० एप्रिल
मला म्हणाले, "पावणं, कुणाकडं आलायसा?"
पेन उचललं. ठेवलं. रिक्षा.

२० एप्रिल, दवाखान्यात
रक्तातलं सोडियम पार उतरलंय, ते मेंदूवर गेलंय. बीपीची गोळी लघवीवाटे मीठ काढणारी, त्यात भट्टीचा घाम, त्यात आमचं अळणी.
डॉक्टरबाई: "असं कधीपासून बोलतायत?"
आई: "कालपासनं."
"नक्की सांगा. जुनं असेल तर सोडियम हळूच वाढवायला लागतं. भरभर वाढवलं तर मेंदूला इजा."
वही पिशवीत होती. तारखांसकट. काढून दिली.
आईनंपण वाचली. चष्मा नव्हता, लांब धरून.

२४ एप्रिल
आण्णा शुद्धीत. चालताना अजून झोक जातो. भट्टीवर परत जाता येईल का, बाई सांगत नाहीत. आई माझ्याशी बोलत नाही. डबा देते फक्त, माझा अळणी.
आज आण्णा: "मला कायबी आठवंना. काय काय बोललो रं मी?"
वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "फाडायची तर फाडा."
हे जिन्यात लिहितोय, फार्मसीच्या पावतीमागं. वर पान उलटल्याचा आवाज आला. की फाटल्याचा?
खाली निघालो.