उजवी पाकळी

मी रमण भिकाजी राऊळ, वय ७१, धंदा शिलाई, राहणार रुवी, मस्कत. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र लिहितो.

१. दुकानातली दोन्ही मशिने आणि मोठी कात्री माझा कारागीर उस्मान याला. कात्रीने कागद कापू नये.

२. इथल्या आमच्या गावकऱ्यांचे जमिनीचे तंटे तीस वर्षे दर शुक्रवारी मीच पंच म्हणून तोडले. माझा शब्द गावात कोर्टाच्या वर चाले. त्याचा मला माज होता.

३. माझा धाकटा भाऊ देवानंद इथेच ओमानात, निझव्याला एसी मेकॅनिक, चुलतभाऊ लोकेश गावी. काजूच्या बागेवरून दोघांचे फाटले. २०१९ साली ग्रामदेवाला कौल लावला. देवाच्या अंगावर दोन पाकळ्या चिकटवायच्या; उजवी आधी पडली तर बाग देवानंदची, डावी पडली तर लोकेशची. प्रश्न गुरवाला सांगायचा नाही, ही आमची रीत. लोकेशने देवळातून व्हिडिओ पाठवला. त्यात डावी पडली. मी सख्ख्या भावाविरुद्ध निकाल दिला. लोक म्हणाले, "पंच असावा तर असा!" मी फुगलो.

देवानंद म्हणाला, "दादा, देवानं सांगितलं ना? मग खलास." त्याची बायको द्रौपदी मात्र म्हणाली, "भावजी, देव नाय चुकायचा. तुम्ही परत बघा." मी तिला गप्प बसवले.

४. यंदा शिमग्याला गावी गेलो. देवाची तलवार उजव्या हातात. फोनवरचा तो जुना व्हिडिओ लावून बघितला, त्यात ती डाव्या हातात! लोकेशने स्वतःचे थोबाड दिसावे म्हणून पुढच्या कॅमेऱ्याने काढले होते. आरशात दिसते तसे सगळे उलटे आले. मेल्याने मागे वळून उजवी पाकळी पडलेली डोळ्यांनी पाहिली असणारच, तरी बाग गिळली.

मीही चार महिने गप्प राहिलो. पंचाची अब्रू! पुढच्या शुक्रवारी सांगू, पुढच्या शुक्रवारी सांगू, असे करता करता जुलैत देवानंद निझव्यात कामावरच छातीत कळ येऊन गेला. देवाने आपल्याला नाकारले, हेच धरून गेला.

५. त्या बागेला लागून असलेला माझा सगळा हिस्सा आणि गावचे घर द्रौपदीला.

६. लोकेशला माझा दाढीचा आरसा. रोज बघ म्हणावे.

७. हे मृत्युपत्र देवळात, लोकेशला पुढे बसवून, मोठ्याने वाचावे. माझे नाव गाळू नये.

८. द्रौपदीची माफी मागण्याचे कलम तीनदा लिहून खोडले. कोणत्या तोंडाने मागू? द्रौपदी, मी परत बघितले. तुझेच खरे होते.

सही: रमण भिकाजी राऊळ

आमच्यासमोर सही केली. लिहिताना रडत होते, पण शुद्धीत होते.
साक्षीदार: १. हुसैनमियाँ, शेजारी २. दीप्ती राणे, शेजारीण

रुवी, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५