एका वेळी एकच पेच

बाबा, आज लॅपटॉप बोलला. चार दिवस मुका होता आणि मी तो बोलता केला, हे तुम्हालाच सांगायचं आहे.

आईला आता अक्षर दिसत नाही. तुम्ही होतात तोवर सकाळचा पेपर तुम्ही मोठ्याने वाचायचात, आता लॅपटॉप वाचतो. दादाचा जुनाच आहे. त्यात मी एक फुकटातली सिस्टिम घातली होती, कुणीही उघडून बघावी, हवी तशी बदलावी अशी. ती अपडेट केली आणि आवाज गेला. नेरूळच्या दुकानदाराने दोन मिनिटांत निकाल दिला, साऊंड कार्ड गेलंय मॅडम, नवा लॅपटॉप घ्या. आई सकाळी नेहमीच्या जागी येऊन बसायची आणि थोड्या वेळाने उठून जायची. मला ते बघवत नव्हतं.

मग बेलापूरच्या ऑफिसातून आले की नेटवर सापडेल तो उपाय सुरू. साऊंड कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरची एक फाइल असते. तिच्यात कुणी सांगितली ती ओळ घातली, नाही जमलं की खाली दुसरी, तिसरी. आगीतून उठून फुफाट्यात. आधी निदान खरखर तरी यायची, तीही बंद झाली.

आज सकाळी चहा पिताना तुमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवलं. टेबलावर रेडिओ उघडा पडलाय, आतले पेच कुणीतरी फिरवून ठेवलेत, एक स्टेशन धड लागत नाही, आणि तुम्ही दादाला फैलावर घेताय. "एका वेळी एकच पेच. आणि फिरवायच्या आधी तो कुठं होता ते लिहून ठेव."

मी वही काढली. सगळ्या ओळी बंद केल्या. मग एकेक उघडायची, लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा, वहीत लिहायचं, ती बंद करून पुढची. तिसऱ्या ओळीला आवाज आला. म्हणजे औषध परवाच सापडलं होतं, वर तशाच ठेवलेल्या ओळींनी मीच ते मारून टाकलं होतं. आई आतून म्हणाली, "आला गं. पहिल्या पानापासून लाव." निधनवार्तांपर्यंत सगळं ऐकलं तिने. उद्या त्या दुकानासमोरून मी मुद्दाम लॅपटॉप वाजवत जाणार आहे. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे.

हे कुठे पाठवणार? वहीतच राहील, त्या ओळींच्या खाली. पण आता लिहितेच आहे तर, त्या रेडिओचे पेच दादाने नव्हते फिरवले. तो बोलणी खात होता तेव्हा मी हातात पेचकस घेऊन काउंटरखाली बसून ऐकत होते.