देवदार की चीड

१० जानेवारी

माझ्या हातचं — मंगल कार्यालयाचा जिना, मारुतीच्या देवळाचं छत, शाळेची बाकं (अजून एक डुगडुगत नाही!), पिपरी मेघेतल्या निम्म्या घरांची दारं. घरात सगळे शेतकरी. सुतारकाम मला कोणी शिकवलं नाही. बघत शिकलो, बोटं कापून घेत शिकलो.

आज हे लिहितोय कारण नाक गेलं, कसलाच वास येत नाही, हे आता नक्की. दिवाळीतल्या तापापासून. डॉक्टर म्हणतो, "येईल." कधी, ते सांगत नाही.

सागवान आंधळाही ओळखेल. मऊ लाकडाचं तसं नाही. रंग फसवतो, ओला माल असला की वजनही फसवतं. रंध्यानं एक साल काढायची, हुंगायची. चीडला राळेचा उग्र वास, देवदाराला गोडसर. चौकटीला देवदारच हवा — चीडला वाळवी लागते. आणि मला आता दोन्ही सारखेच!

१४ जानेवारी

संक्रांत. लाडू गोड होता. एवढंच कळलं.

२० जानेवारी

पवनारच्या किसनरावांच्या चौकटींसाठी महादेवरावांच्या डेपोतून देवदार निवडून आणला. अंगणात रंधत होतो. ही झाडत होती. साल उचलून नाकाला लावली — "अजी, हे काऊन आणलं? टर्पेंटाइनचा वास मारून राह्यलं!"

भिंग काढलं. टोकाचा छेद गुळगुळीत करून पाहिला. राळेचे बारीक ठिपके, देवदारात नसतात ते. चीडच.

किसनरावांच्या दारात चीड उभी राहिली असती, माझ्या नावानं. "गाठी फार आहेत" म्हणून माल परत केला.

पण भिंग लावून डेपोत बसू? लोक काय म्हणतील?

२८ जानेवारी

हिला डेपोत नेलं. ठरलं असं — मी साल काढायची, तिनं पदराआड हुंगायची, चीड असेल तर खोकायचं.

खोकली. बरीच खोकली. हमालानं पाणी आणून दिलं.

महादेवराव खुर्चीतून बघत होते. "मिस्त्री, खोकला वहिनीले, अन् फळ्या तुम्ही काऊन बाजूले काढून राह्यले?"

सगळे हसले. ही सगळ्यात जास्त हसली! मग पदर खोचून उघडच हुंगायला लागली. "हा घ्या. हा नाई. हा बी नाई." सगळा ढीग लावून दिला. मी दोन-चार तुकडे गुपचूप भिंगाखाली धरले. एकही चुकला नव्हता.

ऑटोत म्हणाली, "मले त लय मजा आली, जी. कधी नाई ते माह्या शब्दावर माणसं हालली."

मी बाहेर बघत होतो.

"अशे काऊन बसले? नाक तुमचं काय अन् माहं काय!"

२ फेब्रुवारी

किसनरावांच्या चौकटी उभ्या राहिल्या. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. "देवदार पाहावा तर मिस्त्रींनीच!" किसनराव चारचौघांत म्हणाले. ही माझ्याकडे बघून गालात हसली. मी खोबऱ्याचे तुकडे वाटायला घेतले.

गुडघे दुखतात. आज लवकर आडवा होतो.

५ फेब्रुवारी

महादेवरावांचा फोन. ट्रक उतरला की लाकूड ओळखून वेगळं करायला माणूस हवा. सावलीत बसून काम. मी तिथल्या तिथे नाही म्हणून टाकलं.

ते हिला कामाला मागत होते. ही आत भाकरी थापत होती, हिला विचारलं नाही. महिना अठरा हजार.