नळ आत की परड्यात

२ फेब्रुवारी १९८८
...त्या सकाळी पाणी लवकर आलं होतं. परड्यातल्या नळाखाली घागर लावलेली, आत स्टोव्हवर दूध, आणि हे मागच्या दारात दात घासत मला सांगत होते की, नेटवर्कचा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात घालायचा नाही. बाहेर, वेगळा ठेवायचा. ‘नळ घरात घेतला आणि फुटला तर घर भिजतं. परड्यात फुटला तर परडं.’ मी म्हटलं, मग घागर उचला. हसले. उचलली नाही.

हे आज आठवलं ते मोहित्यामुळे. ह्यांचा भागीदार; गावोगावची दूध संकलन केंद्रं फोनच्या लाइनीनं कॉम्प्युटरला जोडायची, हे दोघांच्या कंपनीचं काम. ह्यांनी रचलेला भाग काढून सगळं सिस्टीमच्या आत घ्यायचं म्हणतो. सोमवारी कंपनीत बैठक. अजून वर्षश्राद्धसुद्धा व्हायचंय.

४ फेब्रु.
मोहिते आला. चहा दिला. पोहे दिले नाहीत.
‘वहिनी, दादांची रचना देखणी हाय, पर लई हळू हाय की. हुपरीच्या केंद्रातनं दुधाचा आकडा निघतो आणि ह्या प्रोग्रॅममधनं त्या प्रोग्रॅममदी जाताना दर दारात थांबतो, दर दारात त्याची नक्कल होती. माणसं कॅन घेऊन ताटकळत्यात.’
मी म्हटलं, आणि मुरगूड केंद्राची लाइन तुटली की? आत घेतलेला प्रोग्रॅम अडकला तर सगळं मशीन अडकेल, त्याचं काय?
‘ते व्हय. पर अडकंल तवा बघू.’
तवा बघू! सातवीत शाळा सुटली माझी, पण ह्यांची पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचलीत. नुसती धूळ नाही पुसली.

८ फेब्रु.
ठरलं. ह्यांचा भाग काढणार. मोहित्याचा एवढा राग नाही. नंदाने हात वर केला. आमच्या नंदाने. बापाने शिकवलेली, बापाच्याच टेबलावर बसणारी.
भाजी करपली. करपू दिली.

११ फेब्रु.
नंदाशी बोलणं नाही. ताट वाढते, बास.

१९ फेब्रु.
नवा प्रोग्रॅम सुरू. आकडा लगेच येतो म्हणे. दुपारी मुरगूडची लाइन गेली आणि सगळं थिजलं. हुपरीचंही.
नंदा जेवायला आली तेव्हा डोळे लाल. तरी मी बोललेच, ‘सांगत होते ना तुझे बाबा?’
घास ठेवला तिने. ‘बाबांचं कधी थिजलं नाही, कबूल. पण आई, नळ परड्यात ठेवला बाबांनी, पाणी कुणी वाहिलं? तुझी कंबर गेली, तरी तो नळ हलला नाही. विचारलंस कधी?’
विचारलं होतं. हसले होते.

२० फेब्रु.
गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. का नाही? शहाणपण ह्यांचं, घागर माझी. आणि आता भांडायला समोर यायचं नाही. एवढी सोय करून गेले.

२२ फेब्रु.
परत बैठक आहे. ह्यांचा भाग परत घ्यायचा की नवाच नीट करायचा. नंदाने विचारलं, ‘तुझं काय मत?’ मोहित्यानं विचारायला सांगितलं म्हणे. मी पाणी तापवलं, कंबर शेकली.

२३ फेब्रु.
सकाळी प्लंबर बोलावला. नळ स्वयंपाकघरात घेतला. परड्यातला काढू दिला नाही. आतल्या नळाला बाहेरून बंद करता येईल असा कॉक बसवून घेतला.